सोलापुरात राहून स्कूबा रेग्युलेटर घ्यायचाय? कामगिरी, देखभाल आणि सर्व्हिसचा हिशेब

समुद्रापासून इतक्या लांब राहून कोणी स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासापुरती तोंडाशी आणून देणारं उपकरण, घेतं का, हा प्रश्न तुम्हाला घरातून आणि मित्रांकडून हमखास ऐकायला मिळेल. घेतात. तारकर्ली, गोवा, नेत्राणी, अंदमान अशा फेऱ्या एकदा सुरू झाल्या की भाड्याच्या, कोणाकोणाच्या तोंडात गेलेल्या माउथपीसचा कंटाळा येतोच. अडचण वेगळीच आहे. रेग्युलेटरची तुलना करणारा बहुतेक मजकूर थंड पाण्याच्या देशातल्या, हाकेच्या अंतरावर डाइव्ह शॉप असलेल्या लोकांनी लिहिलेला असतो. आपला रेग्युलेटर मात्र वर्षातले बरेच महिने कपाटात राहणार, तोही चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात, आणि सर्व्हिसला द्यायचा तर कुरिअर करावा लागणार.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या कोमट, उथळ पाण्यात चांगल्या कंपन्यांच्या मॉडेलांमधला कामगिरीचा फरक जेमतेम जाणवतो. सर्व्हिस कुठे होते आणि घरी तो कसा ठेवला जातो, याचा फरक मात्र चांगलाच जाणवतो. पैसे त्या हिशेबाने लावा.

पायरी १ : आत्ता घ्यायचा का, हे ठरवा

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या पहिल्या ओळखीच्या डाइव्हनंतर लगेच खरेदीला निघू नका. आधी ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स करा, त्याचं कार्ड हातात येऊ द्या. कोर्सच्या काळात जे रेग्युलेटर वापराल त्यांची नावं आणि मॉडेल लिहून ठेवा, पुढे तुलनेला हीच टिपणं कामाला येतात.

खरेदीचा माझा क्रम असा: आधी मास्क, मग फिन्स, मग डाइव्ह कॉम्प्युटर आणि शेवटी रेग्युलेटर. वर्षाकाठी एखादीच सुट्टी आणि त्यात दोन-चार डाइव्ह एवढंच होणार असेल, तर स्वतःचा माउथपीस घ्या आणि रेग्युलेटर भाड्याने वापरा. तेवढ्यासाठी सर्व्हिसचा खर्च अंगावर घेणं परवडत नाही.

पायरी २ : हवा कुठून कुठे जाते ते समजून घ्या

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. सिलिंडरला बसतो तो फर्स्ट स्टेज. तो हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणतो. याला मधला दाब म्हणू. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. तुम्ही श्वास ओढला की तो मधला दाब आणखी उतरवून भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाची हवा देतो. डाळिंबाला ठिबक केलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही: मोटारीचा दाब मेन लाइनला, तिथून उतरवून लॅटरलला आणि शेवटी ड्रिपरला जेवढं हवं तेवढंच. फरक एवढाच की इथला ड्रिपर मागितल्याशिवाय सोडत नाही.

दर १० मीटरला पाण्याचा दाब १ बारने वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार (पाण्याचा ३, वरच्या हवेचा १), म्हणजे तिथे एका श्वासाला पृष्ठभागापेक्षा चौपट हवा लागते. चांगला रेग्युलेटर आणि सुमार रेग्युलेटर यांच्यातला फरक अशाच वेळी दिसतो: खोल, दमलेले असताना, सिलिंडर रिकामा होत आलेला असताना.

पायरी ३ : फर्स्ट स्टेजची तुलना करा

इथे दोन प्रश्न विचारायचे. आतली झडप हलवणारा भाग पिस्टन (दट्ट्या) की डायफ्रॅम (रबरी पडदा)? आणि सिलिंडरमधला दाब उतरला तरी मधला दाब टिकवणारा बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड?

अनबॅलन्स्ड पिस्टन सगळ्यात साधा. हलणारे भाग मोजकेच, सर्व्हिस सोपी, किंमत कमी. स्कूबाप्रोचा एमके२ किंवा क्रेसीचा एसी२ या घराण्यातले. सिलिंडरमधला दाब उतरत गेला की यांचा मधला दाबही थोडा उतरतो आणि शेवटी शेवटी श्वास ओढायला किंचित जड लागतो. १२-१५ मीटरवर पोहणाऱ्याला हे बहुधा कळतही नाही. डाइव्ह सेंटरवाले भाड्यासाठी असेच सेट ठेवतात ते उगीच नाही.

बॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, मधला दाब जवळपास तसाच राहतो आणि हवेचा प्रवाह जबरदस्त असतो. स्कूबाप्रोचा एमके२५ हे त्याचं ठळक उदाहरण. पण पिस्टनच्या रचनेत स्प्रिंगच्या कप्प्यात बाहेरचं पाणी शिरतं, त्याबरोबर मीठ आणि गाळही. धुण्यात आळस केला की तो इथे वसूल होतो.

बॅलन्स्ड डायफ्रॅममध्ये आतलं यंत्र रबरी पडद्यामागे पाण्यापासून वेगळं राहतं. एपेक्सचे एक्सटीएक्स, ॲक्वालंगचा लेजंड, मारेसचा ॲबिस हे या वळणाचे. सुटे भाग जास्त, सर्व्हिस थोडी किचकट. त्यातही काहींना बाहेरून आणखी एक पडदा असतो, त्याला एन्व्हायर्नमेंटल सील म्हणतात. तो मुळात १० अंशांखालच्या पाण्यात आत बर्फ धरू नये म्हणून असतो. अंदमानच्या २८ अंशांच्या पाण्यात बर्फाचा प्रश्नच नाही. पण मीठ आणि गाळ बाहेर राहतो, म्हणून महिनोन्महिने कपाटात पडून राहणाऱ्या रेग्युलेटरसाठी मी सील असलेला डायफ्रॅमच सुचवेन.

सापळा : जाहिरातीतले श्वसनकार्याचे, म्हणजे रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला-सोडायला लागणाऱ्या मेहनतीचे आकडे. युरोपच्या ईएन २५० मानकानुसार रेग्युलेटरची चाचणी ५० मीटरच्या दाबावर, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून होते आणि श्वसनकार्य लिटरला ३ ज्यूलपेक्षा जास्त चालत नाही. नावाजलेले रेग्युलेटर या रेषेच्या बरेच आत असतात. ओपन वॉटर डाइव्हरची मर्यादा १८ मीटर. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासाठी दीडपट पैसे मोजायचे असतील तर मोजा, पण १८ मीटरवर तो आकडा तुमच्या छातीला कळणार नाही. ईएन २५० चा शिक्का मात्र असलाच पाहिजे. तो नसलेला, कुठल्याशा ऑनलाइन बाजारातला बिननावाचा सेट फुकट मिळाला तरी नको.

पायरी ४ : सेकंड स्टेज तोंडात धरून बघा

कागदावरची तुलना इथे संपते. जबडा तुमचा आहे. दुकानात सेकंड स्टेज दाताखाली पाच मिनिटं धरून ठेवा आणि मान दोन्हीकडे वळवून बघा. वजनाने जबडा दुखायला लागला तर कितीही भारी मॉडेल असो, ठेवून द्या. धातूच्या बॉडीत उच्छ्वासातला ओलावा टिकतो, त्यामुळे घसा कमी कोरडा पडतो. प्लास्टिकची हलकी असते. दोन्ही चालतात.

बाजूला एक नॉब असतो, त्याने ओढण्याचा जडपणा कमी-जास्त होतो. एक छोटी पट्टी असते, ती व्हेंचुरीची, म्हणजे हवा आपोआप वाहत राहण्याची सोय कमी-जास्त करणारी: पाण्यात उडी मारण्याआधी बंदकडे, खाली गेल्यावर चालूकडे. पृष्ठभागावर रेग्युलेटर हातातून सुटला आणि भसाभसा हवा सोडू लागला तर माउथपीस खालच्या दिशेने करा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतो.

ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा दुसरा सेकंड स्टेज, शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. सर्व्हिसला एकाच ठिकाणी जातो.

पायरी ५ : योक की डिन

योक म्हणजे सिलिंडरच्या तोंडाला कवळा घालून स्क्रूने आवळायचा. डिन म्हणजे आट्यांनी आत फिरवायचा, यात ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) रेग्युलेटरच्याच अंगावर असते आणि बंदिस्त बसते. योक २३२ बारपर्यंत, डिन ३०० बारपर्यंत. रचना म्हणून डिन सरस आहे. पण आपल्याकडच्या सेंटरांवर बहुतेक ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि योकचे व्हॉल्व्ह भेटतात. डिन घेतलात तर योकचं ॲडॉप्टर बॅगेत असू द्या. पहिला रेग्युलेटर असेल तर सरळ योक घ्या आणि विषय संपवा.

पायरी ६ : दुकानात जाण्याआधी सर्व्हिसची चौकशी करा

लेखातली ही पायरी वगळून बाकी सगळ्या वाचल्यात तर काही उपयोग नाही.

बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्हनंतर, जे आधी होईल तेव्हा, सर्व्हिस सांगतात. काहींचं वेळापत्रक दोन वर्षांचं असतं, मध्ये एक तपासणी. लक्षात घ्या, डाइव्ह झाले नसले तरी वर्ष मोजलं जातं. ‘वापरलाच नाही तर बिघडेल कसा’ हा तर्क रबराला लागू होत नाही. ओ-रिंग पडून पडून कडक होतात. सेकंड स्टेजमधली रबरी सीट धातूच्या कडेवर स्प्रिंगने सतत दाबलेली राहते, तिच्यावर खाच पडते आणि पुढच्या सहलीला बारीक सूं-सूं आवाज येऊ लागतो. आपल्यासारख्यांच्या रेग्युलेटरचा हा नेहमीचा आजार.

डीलरला फोन करून हे विचारा:

- या मॉडेलची सर्व्हिस तुम्ही स्वतः करता की पुढे पाठवता? त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आहे का?
- सर्व्हिस किट (बदलायच्या ओ-रिंग, सीट वगैरेंचा संच) भारतात शिल्लक असतं की मागवावं लागतं? मागवायचं तर किती आठवडे?
- मजुरी आणि किट यांचा खर्च वेगवेगळा किती? ऑक्टोपस धरून की सोडून?
- वॉरंटी टिकवायला दर वर्षीची पावती लागते का?

मग कागद घ्या आणि पाच वर्षांचा हिशेब मांडा: खरेदीची किंमत, अधिक सर्व्हिसचा खर्च गुणिले वेळा, अधिक जाण्यायेण्याचं कुरिअर. स्वस्तातलं मॉडेल या बेरजेत कधी कधी महाग निघतं, कारण त्याचं किट इथे मिळतच नाही. परदेशातून कोणाकरवी मागवलेल्या सेटचंही तेच. किंमत कमी दिसते, पण इथला डीलर त्याची वॉरंटी मानेलच असं नाही.

किटवाचून काम भागवायचा मोह आपल्या गावात फार होतो, कारण इथे सगळं दुरुस्त होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडे ओ-रिंग दाखवा. तो व्हर्नियर लावेल, डबा उघडेल आणि त्याच मापाची काढून समोर ठेवेल. ‘ट्रॅक्टरला चालतंय, ह्याला का चालंना?’ माप बसतं हे खरं. पण रबर कुठलं, कडकपणा ७० चा की ९० चा, आणि त्याच्यावर लावलेलं ग्रीस फुफ्फुसात जाणाऱ्या हवेत चालणारं आहे का, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं. जास्त दाबाच्या बाजूला मऊ ओ-रिंग बसवली तर ती फटीतून बाहेर ढकलली जाऊन कापली जाते. रेग्युलेटरच्या आत कंपनीच्या किटमधलीच ओ-रिंग जाऊ द्या.

सापळा : जुना सेट. विकणारा म्हणेल, फारसा वापरलेला नाही. तुम्ही डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) काढा आणि त्या तोंडातली छोटी जाळीदार गोल चकती उजेडात धरून बघा. ती फिल्टर आहे, आणि विकणाऱ्यापेक्षा खरं बोलते. स्वच्छ चंदेरी किंवा पितळी असेल तर ठीक. हिरवट झाली असेल तर खारं पाणी आत शिरलं आहे. तांबूस भुकटी दिसली तर गंजलेल्या पोलादी सिलिंडरवर चालवला आहे. काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा आला आहे. हिरवट दिसला की मी पुढे बोलत नाही. शिवाय सिरियल नंबर घासलेला नाही ना आणि त्या मॉडेलचं किट अजून निघतं का, हेही बघा.

पायरी ७ : मीठ तिथेच सोडून या

मीठ वाळलं की त्याचे खडे होतात आणि ते ओ-रिंगच्या खाचेत बसून रबर कापतात. मालवणहून सोलापूरपर्यंतचा प्रवास एवढा लांब की घरी येऊन धुवायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. सेंटरवरच, शेवटच्या डाइव्हनंतर लगेच, गोड्या पाण्यात धुवा. सगळ्यांचे सूट बुचकळलेल्या पिंपातलं पाणी गोडं असतंच असं नाही, चव घेतली तरी कळतं. वेगळी बादली मागा.

1. डस्ट कॅप कोरडी करून घट्ट बसवा. काही लोक सिलिंडरची हवा सोडून कॅप वाळवतात. वाळवा, पण झोत फर्स्ट स्टेजच्या तोंडाकडे नको. त्याने थेंब आत ढकलले जातात.
2. रेग्युलेटर बादलीत निदान अर्धा तास बुडवून ठेवा. जमलं तर सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवून भिजवा, हे सर्वांत उत्तम.
3. हवा जोडलेली नसताना पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं, हवा मोकळी सोडणारं) दाबू नका. दाबलंत की झडप उघडते आणि पाणी होजमधून (नळीतून) थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं.
4. सेकंड स्टेजच्या माउथपीसमधून हलकं पाणी सोडा, नॉब दोन्हीकडे फिरवा, पट्टी हलवा.
5. होजची रबरी आवरणं मागे सरकवून सांध्यातलं मीठ काढा.

घरी आल्यावर पुन्हा एकदा भिजवा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून आपण बोअरचं वापरतो, आणि ते जड असतं. बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर रेग्युलेटरवरही जमतो. शेवटचा हात घरच्या फिल्टरच्या पाण्याचा द्या, दोन लिटर पुरतं. मग सावलीत, हवेशीर जागी वाळवा. आपल्या कोरड्या हवेचा इथे फायदाच आहे.

परतीच्या प्रवासाबद्दल जाता जाता एक: डाइव्ह करून लगेच विमानात बसायचं नसतं. सर्वसाधारण सूचना अशी की एका डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह झाले असतील तर १८ तास थांबावं. गोव्याहून सोलापूरला विमानाने येणार असाल तर तिकीट तसं काढा. आंबोलीच्या घाटाने गाडीने येणं हेसुद्धा उंचीवर जाणंच आहे, निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला विचारा.

पायरी ८ : सोलापूरच्या उन्हाळ्यात ठेवायचा कुठे

माळ्यावर नको. पत्र्याच्या खोलीत नको. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. उष्णतेने रबर लवकर म्हातारं होतं. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात ठेवा.

घरात किंवा शेजारी यंत्रमागाची शेड असेल तर तिथून लांब ठेवा. चालू विजेच्या मोटारींजवळ ओझोन तयार होतो आणि तो रबराला चिरा पाडतो. शेडमधला कापसाचा तूस वेगळाच. इन्व्हर्टरच्या खोलीतही नको.

होज मोठ्या वेटोळ्यात ठेवा, फर्स्ट स्टेजजवळ काटकोनात मोडू देऊ नका. सेकंड स्टेजला नॉब असेल तर तो पूर्ण बाहेर फिरवा, म्हणजे सीटवरचा भार कमी होतो. पट्टी कुठल्या बाजूला ठेवायची ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. माउथपीसवर जाळीची पिशवी बांधा, कारण झुरळांना ती जागा फार आवडते. हा विनोद नाही. डाइव्हआधी माउथपीसमध्ये डोकावून बघायची सवय अनुभवी लोकांना असते. आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळायला उत्तम, पण आधी दोन-तीनदा धुतलेला घ्या, नव्याचे धागे सुटतात. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात टाकू नका, तो वास तुम्हालाच ओढायचा आहे.

वेणी घातलेल्या हलक्या होज दिसायला छान असतात. पण उष्ण, दमट भागांत अशा काही होजच्या आतल्या नळीचे कण होऊन हवा अडल्याच्या नोंदी आहेत. मी साध्या रबरी होजवरच समाधानी आहे. त्याही पाचेक वर्षांनी बदलायच्या.

पायरी ९ : घरी आणि सेंटरवर करायच्या तपासण्या

घरी सिलिंडर ठेवायच्या भानगडीत पडू नका. आणि वर्कशॉपमधल्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरून घ्यायचा विचार तर मनातही आणू नका. त्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर आणि त्याचे फिल्टर वेगळे असतात.

सिलिंडरशिवाय एक चाचणी मात्र होते. डस्ट कॅप घट्ट बसवा, सेकंड स्टेज तोंडात धरून हवा ओढा आणि ओढलेलं तसंच धरून ठेवा. ओठांना ओढ जाणवत राहिली तर ठीक. हवा आत येत राहिली तर उच्छ्वासाची झडप, पडदा किंवा फाटका माउथपीस यांपैकी काहीतरी आहे. ऑक्टोपसलाही तसंच करा. सहलीच्या महिनाभर आधी करा, म्हणजे सर्व्हिसला वेळ राहतो.

सेंटरवर सिलिंडर जोडल्यावर मधल्या दाबाचा गेज बीसीडीच्या (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटाच्या) होजला लावा. पुस्तिकेतल्या मर्यादेत काटा थांबला पाहिजे. तीन-चारदा पर्ज दाबा: काटा खाली जाऊन लगेच त्याच आकड्यावर यावा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच राहावा. हळूहळू वर सरकत असेल तर फर्स्ट स्टेजची सीट गेली. त्या दिवशी भाड्याचा सेट घ्या.

बॅगेत असू द्या : मधल्या दाबाचा गेज, जास्तीचा माउथपीस आणि झिप टाय, योकच्या सिलिंडरला लागणाऱ्या ०१४ मापाच्या ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, मऊ टूथब्रश, पोर्टच्या प्लगसाठी ॲलन की, छोटा ॲडजस्टेबल पाना. व्हॅसलीन, खोबरेल, गाडीचं ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे यातलं काहीही रेग्युलेटरला लावायचं नाही.

पायरी १० : सर्व्हिसला पाठवताना

सोबत लागणारे कागद:

- मूळ बिलाची प्रत
- फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस यांचे सिरियल नंबर, फोटोसह
- मागच्या सर्व्हिसच्या पावत्या किंवा सर्व्हिस बुक
- तक्रार असेल तर एका चिठ्ठीवर: कधी होते, हवा जोडल्या जोडल्या की डाइव्हच्या शेवटी

नायट्रॉक्स (ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा) वापरत असाल तर तेही लिहा, किती टक्क्यांपर्यंत ते सांगून.

पावसाळ्यात कोकणचे डाइव्ह बंद असतात, तेव्हाच पाठवा. ऑक्टोबरच्या तोंडावर सगळ्यांना जाग येते आणि मग नंबर लागत नाही. बदललेले जुने भाग परत मागा, पाठवताना चिठ्ठीतच तसं लिहा. परत आल्यावर पावतीत मधल्या दाबाचा आकडा आणि श्वास सुरू होण्याचा, म्हणजे किती ओढल्यावर हवा सुटते याचा, आकडा लिहिलेला आहे का बघा. नसेल तर फोन करून विचारा आणि सर्व्हिस बुकात स्वतः लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सेंटरवर गेज लावाल तेव्हा ताडून बघायला हाच आकडा लागेल. आणि सर्व्हिस होऊन आलेला रेग्युलेटर थेट बोटीवर नेऊ नका. पहिला डाइव्ह उथळ पाण्यात, शक्य असेल तर जलतरण तलावात करा, नंतर क्लोरीन धुवून काढा.